उपवरांचा परिचय आणि खेळाची संध्याकाळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वधूवरसूचक विभागाच्या कार्यवाहांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विवाहविषयक समस्या' असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून मीच प्रथम दचकलो. त्या विषयावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत, आणि मी तर आपल्या मंडळाची उपवरांची नोंदवही सांभाळणारा एक सामान्य मनुष्य. २००५ सालापासून ती वही माझ्या कपाटात आहे. आता तिची जागा संगणकाने घेतली असली, तरी तोंडाने मी तिला वहीच म्हणतो. या वहीच्या आधाराने जेवढे कळले तेवढेच, आणि त्यातीलही एकच लहानशी गोष्ट, आज आपल्यापुढे ठेवावी असा विचार आहे. ती गोष्ट म्हणजे खेळ. होय, पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ. चार-सहा प्रौढ स्त्रीपुरुषांनी एका मेजाभोवती बसून संध्याकाळभर खेळावे, आणि त्यातून एकमेकांचा परिचय व्हावा, ही ती कल्पना. हिची कुणकुण लागताच आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला जिन्यात गाठून विचारले होते, "अण्णा, मंडळाच्या सभागृहात आता अड्डा घालणार की काय?" त्यांचा प्रश्न मी विसरलेलो नाही, त्याचे उत्तरही आज द्यावयाचे आहे.

प्रथम वहीविषयी सांगतो. मी काम हाती घेतले तेव्हा मुलीचे नाव तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी आणि मुलाचे सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी नोंदले जाई, आणि नाव बहुधा वडील घेऊन येत. आज नोंद करणारी व्यक्ती स्वतः येते किंवा स्वतः लिहून पाठविते. तिचे वय तीस, तेहेतीस, छत्तीसही असते. शिक्षण झालेले, नोकरी स्थिर, काहींनी कर्ज काढून घरही घेतलेले. ही उपवर 'मुले' नव्हेत. ही प्रौढ माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण जी व्यवस्था ठेवली आहे ती मात्र अठरा-वीस वर्षांच्या लाजाळू मुलीसाठी आखलेली आहे. पोह्यांची बशी, समोर पाच-सात माणसे, "स्वयंपाक येतो का?" हा प्रश्न, आणि "तुम्ही दोघे जरा गच्चीवर बोलून या" म्हणून दिलेली पंधरा मिनिटे. छत्तीस वर्षांच्या, दहा माणसांच्या हाताखालील विभाग चालविणाऱ्या स्त्रीला गच्चीवर पाठवून पंधरा मिनिटांत काय उलगडणार?

यावर उपाय म्हणून आपण मेळावे भरवू लागलो. मेळाव्यांनी पुष्कळ विवाह जुळले, हे मी नाकारीत नाही. परंतु मेळाव्याचे व्यासपीठ कसे असते, ते ज्यांनी वर उभे राहून अनुभवले त्यांनाच ठाऊक. हातात ध्वनिक्षेपक, समोर तीनशे डोळे, आणि प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका. नाव उच्चारले की पाने फडफडतात. माझ्या हातून या व्यासपीठावर एक अपराध घडला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

२०१४ सालच्या मेळाव्यात सूत्रसंचालन माझ्याकडे होते. एका भगिनीने अर्ज देतानाच बजावून सांगितले होते की, माझा पूर्वीचा विवाह आणि घटस्फोट यांची माहिती पुस्तिकेत असू द्या, ती लपवावयाची नाही. पण व्यासपीठावरून वाचू नका. मी "बरे" म्हणालो होतो. दुपार झाली, जेवणाची वेळ टळत होती, मी घाईने एकामागून एक अर्ज वाचीत सुटलो, आणि तिच्या अर्जावरील प्रत्येक ओळ, ती ओळही, सबंध सभागृहाला ऐकविली. तिने ध्वनिक्षेपक मेजावर ठेवला, मला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून मागच्या दाराने ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रागावले नाहीत. "अण्णा, एवढे नाव काढून टाका," इतकेच म्हणाले. मी नाव काढले. त्या रेघेखाली आजही ते वाचता येते.

तेव्हापासून माझ्या मनात हा प्रश्न घोळत होता की, माणसाला मांडून न ठेवता त्याचा परिचय करून देण्याची काही रीत असेल की नाही?

तशी रीत आपल्याच घरांत होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आपल्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आपापले लग्न आठवावे. मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, वरात घरी आली, की नवरानवरीला समोरासमोर बसवून खेळ मांडीत. वधूच्या मुठीतील सुपारी वराने एका हाताने सोडवावयाची. मग वराच्या मुठीतील तिने. विड्याचे पान एकाने दातांत धरावयाचे आणि दुसऱ्याने तोडावयाचे. परातीतल्या रंगीत पाण्यात अंगठी टाकावयाची आणि दोघांनी ती चाचपडत शोधावयाची. भोवती करवल्यांचा गलका. ज्या दोघांनी परस्परांचा आवाजही धड ऐकलेला नसे, त्यांच्यामधील संकोच या हसण्याखिदळण्यात पहिल्यांदा सैल होई. म्हणजे अनोळखी स्त्रीपुरुषांना जवळ आणण्यास खेळासारखे साधन नाही, हे आपल्या आजी-पणजींना पक्के ठाऊक होते. अडचण एवढीच की, तो खेळ विवाह लागल्यानंतर येई. सुपारी सुटली न सुटली, गाठ तर बसलेलीच असे. मी आज जे मांडीत आहे ते या जुन्या खेळाचे नुसते स्थलांतर आहे. तो मांडवातून उचलून अलीकडे, निर्णयाच्या आधी, आणावा एवढेच.

आता जिन्यातल्या प्रश्नाचे उत्तर. द्यूताने पांडवांचे काय झाले, हे सांगण्याची मला कोणी तसदी घेऊ नये. नळराजाचेही मला ठाऊक आहे. पण तिथे पण लावलेला होता. पण नसलेल्या खेळाला आपल्या परंपरेने कधी नाक मुरडले नाही. वेरूळला गेलात तर एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली पाहावयास मिळतील. कोजागरीच्या व्रतात रात्री जागून अक्षक्रीडा करावी असे सांगितले आहे, आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे दुसरे नावच आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, तिचे ते एकशेवीस रंगविलेले गोल पत्ते, हे तर आपल्या कोकणाचे भूषण. उणीव होती ती वेगळीच. बायकांचे झिम्मा-फुगडी आणि मंगळागौरीचे खेळ माजघरात, पुरुषांचे पत्ते आणि बुद्धिबळ ओसरीवर. मधला उंबरठा नवराबायको झाल्यावाचून कोणी ओलांडीत नसे.

इतर समाजांनी हा उंबरठा निरनिराळ्या युक्त्यांनी ओलांडला. इंग्लंडात विसाव्या शतकात गावोगावच्या सभागृहांत आणि चर्चच्या दालनांत 'व्हिस्ट ड्राइव्ह' नावाची पत्त्यांची संध्याकाळ भरे. चौघांचे एक मेज. प्रत्येक डावानंतर काही खेळाडू पुढच्या मेजावर सरकत आणि भिडू बदलत. एका रात्रीत प्रत्येकाची बऱ्याच जणांशी गाठ पडे आणि कोणी कोणाला 'पाहावयास' आलेले नसे. सगळे खेळावयास आलेले असत. तिकिटाच्या पैशांतून शाळेचे छप्पर किंवा रुग्णालयाचा निधी उभा राही, हा आणखी एक लाभ. आपल्या खजिनदारांनी इकडे लक्ष द्यावे.

दुसरे उदाहरण तर आपल्यासारख्याच एका समाजाचे आहे. १९९८ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे, याकोव्ह डेयो नावाच्या एका ज्यू धर्मगुरूंना हीच चिंता पडली होती की, अफाट शहरात आपल्या समाजातील अविवाहित तरुणांनी परस्परांना भेटावे कसे. त्यांनी एका उपाहारगृहात मेजे मांडली, प्रत्येक जोडीला मोजकी मिनिटे दिली, आणि वेळ संपली की जागा बदलावयाची असा नियम केला. आज जगभर 'स्पीड डेटिंग' म्हणून जी पद्धत ओळखली जाते, तिचा उगम असा एका ज्ञातिकार्यात आहे. ही माहिती वाचली तेव्हा, खरे सांगतो, मला त्या धर्मगुरूंविषयी बंधुभाव वाटला. त्यांच्याही कपाटात एक वही असणार!

त्या पद्धतीमुळे शास्त्रज्ञांचीही सोय झाली. २००८ साली पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांनी आधी विचारले की, जोडीदारात तुम्हाला काय हवे. उत्तरे आपल्या वहीतल्यासारखीच आली. मुलांनी रूपाला अधिक महत्त्व दिले, मुलींनी कमाईच्या भवितव्याला. मग प्रत्यक्ष भेटी झाल्या. कोणाला कोण आवडले हे ताडून पाहता, आधी सांगितलेल्या अपेक्षांचा आणि प्रत्यक्ष आवडीचा फारसा मेळ बसेना. बंधुभगिनींनो, आपल्या अर्जात 'अपेक्षा' नावाचा एक रकाना आहे. उंची, पगार, शहर, रंग, स्वतंत्र घर. वीस वर्षे मी या रकान्यावर बोट ठेवून स्थळे सुचवीत आलो. तो अभ्यास वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता माझ्या भाचीकडे वळतो. कारण या विषयातील माझी गुरू तीच. तिचे वय चौतीस, राहते पुण्यात. आपल्या मेळाव्याला येण्यास तिने मला साफ नकार दिला होता. "मामा, मला कोणी पाहावयास नको आणि मला कोणाला पाहावयास नको, मला कोणाबरोबर तरी खेळावयाचे आहे," असे ती म्हणाली, तेव्हा ती चेष्टा करते आहे असे मला वाटले. तिने मला एका शनिवारी कोथरूडकडील एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर नेले. तिथे पंधरा-वीस तरुण-तरुणी, तरुण म्हणजे तिशीतले, चार मेजांवर पट मांडून बसले होते. दर पंधरवड्याला जमतात. काहींची लग्ने झालेली, काहींची व्हावयाची, काहींची मोडलेली. त्याची विचारपूस कोणी करीत नव्हते. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो, तर एका मुलीने येऊन सांगितले, "काका, इथे नुसते बघणारे चालत नाहीत." आणि मला मेजावर बसविले.

हे खेळ आपल्या सापशिडीसारखे नाहीत. सापशिडीत, म्हणजे आपल्या जुन्या मोक्षपटात, फासा पडेल तसे जावयाचे. शेजाऱ्याशी बोलण्याचे कारणच पडत नाही. माझ्यापुढे मांडलेला खेळ 'कटान' नावाचा. क्लाउस टॉयबर नावाच्या एका जर्मन दंततंत्रज्ञाने तो रचला आणि १९९५ साली तो बाजारात आला. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट. त्यावर प्रत्येकाने वस्ती करावयाची. त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य, धातू लागतात. आणि सगळ्या वस्तू एकट्याला सहसा मिळत नाहीत. मग शेजाऱ्याकडे मागावे लागते. "माझी लोकर घ्या, दोन विटा द्या." तो म्हणतो, "एक देईन." अशी घासाघीस तास-दीड तास चालते. कोण सढळ, कोण चिक्कू, कोण दिलेला शब्द पुढच्या फेरीत पाळतो आणि कोण विसरल्याचे सोंग करतो, हे सगळे त्या लाकडी ठोकळ्यांवरून दिसते. उत्तम पगाराचा एक गृहस्थ आमच्या मेजावर होता. माझ्या वहीत तो आल्या दिवशी खपला असता. डाव उलटू लागताच त्याचा चेहरा उतरला, पुढे त्याने कोणाशी देवघेव करण्याचेच सोडून दिले, आणि शेवटी आपले ठोकळे पटावरून न मोजताच गोळा केले. त्याच्याविषयी मी अर्जात काय लिहिले असते? 'स्वभाव मनमिळाऊ.' सगळ्यांच्याच अर्जात तसे लिहिलेले असते.

दुसऱ्या मेजावर 'हानाबी' चालू होता. हा आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा खेळ. २०१३ साली जर्मनीत त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. याची गंमत अशी की, आपले पत्ते आपण पाहावयाचे नाहीत. ते उलटे धरावयाचे, म्हणजे इतर सर्वांना दिसतात आणि आपल्याला नाही. आपल्या हातात काय आहे, ते दुसऱ्याने मोजक्या खुणेच्या शब्दांत सांगावयाचे आणि आपण त्यावर विश्वास ठेवून पत्ता टाकावयाचा. जिंकलो तर सगळे मिळून, हरलो तरी सगळे मिळून. तिथे एक अबोल मुलगा बसला होता. तासाभरात दहा वाक्ये बोलला नसेल. पण समोरच्या मुलीला मघाशी कोणती खूण दिली होती आणि ती कशामुळे गोंधळली असेल, हे त्याने बरोबर ध्यानात ठेवले आणि पुढची खूण तिला उमगेल अशी दिली. ती इतकी मनापासून हसली, की आमच्या मेजावरील खेळ क्षणभर थांबला. व्यासपीठावर या मुलाने ध्वनिक्षेपक हातात धरून नाव, गाव, शिक्षण एवढे सांगून खाली मान घातली असती, आणि पुस्तिकेचे पान उलटले गेले असते.

परत येताना भाचीला विचारले, "इथे लग्ने जुळतात का ग?" ती म्हणाली, "क्वचित. पण मामा, लग्न जुळले नाही तरी संध्याकाळ वाया जात नाही. तुमच्या मेळाव्यातून परत येताना मात्र नापास झाल्यासारखे वाटते." मी गप्प बसलो.

पुढे कार्यकारिणीची अनुमती घेऊन, ती कशी मिळविली हे मी येथे सांगत नाही, गेल्या कोजागरीनंतरच्या रविवारी आपल्या सभागृहात आपण पहिली खेळाची संध्याकाळ भरविली. बावीस जण आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर त्याविषयी खरेखोटे आले असेल, म्हणून काय केले ते सांगतो. एका मेजावर चौघे. दर चाळीस मिनिटांनी दोघांनी उठून पुढच्या मेजावर जावयाचे. आईवडिलांना प्रवेश नाही. (एक मातोश्री सर्व वेळ बाहेर मोटारीत बसून होत्या आणि एक वडील कार्यालयात वर्तमानपत्र वाचीत होते, तीन तास एकच पान वाचीत होते, असे शिपाई सांगतो.) पत्रिका, पगार आणि जन्मगाव यांचा उच्चार मेजावर करावयाचा नाही. निघताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर, पुन्हा भेटावेसे वाटते अशा व्यक्तीचे नाव लिहून पेटीत टाकावयाचे, आणि दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच दूरध्वनी क्रमांक दोघांना कळवावयाचे. हा नियम स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी आहे. समोरासमोर क्रमांक मागितला की नाही म्हणणे जड जाते. एका गृहस्थाने तसा आग्रह धरला तेव्हा आमच्या स्वयंसेविकेने त्यांना पेटी दाखविली आणि पुढच्या वेळेस येऊ नका असेही सांगितले. यात मी बिलकुल सवलत देणार नाही.

खेळ निवडताना आमच्या चुका झाल्या. कॅरम मांडला, तर हात बसलेल्या दोघांनी सगळ्या सोंगट्या घेतल्या आणि बाकीचे भिंतीकडे पाहत राहिले. बुद्धिबळात बोलणेच नाही. ब्रिज उत्तम, पण तो शिकण्यास महिने जातात. रमी आपल्याला नको. तिच्यामागोमाग पैसे येतात. मूकाभिनयाने चित्रपटाचे नाव ओळखण्याच्या खेळात धीट माणसे रमली आणि लाजरी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेली. सर्वांत साधला तो 'कोडनेम्स'. व्लादा ख्वातिल या झेक रचनाकाराचा २०१५ सालचा खेळ. पंचवीस शब्द मांडलेले असतात, आणि सूचकाने एकच शब्द व एक आकडा उच्चारून आपल्या गटाला त्यांतील नेमके शब्द ओळखावयास लावावयाचे. तो आम्ही मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून खेळलो. एका भगिनीने 'आजोळ' हा एक शब्द उच्चारून विहीर, मांजर आणि उन्हाळा असे तीन शब्द आपल्या गटाकडून बरोबर ओळखवून घेतले. मग त्या मेजावर अर्धा तास खेळ राहिला बाजूलाच. प्रत्येक जण आपल्या आजोळच्या विहिरीविषयी सांगत होता. मी घंटा वाजविली नाही.

फलनिष्पत्ती काय, असे खजिनदारांनी लेखी विचारले आहे. विवाह एकही नाही. दोन जोड्यांच्या चिठ्ठ्या जुळल्या. ते भेटतात असे ऐकतो, मी विचारलेले नाही आणि आपणही विचारू नये. एका त्रेसष्ट वर्षांच्या विधुर सभासदांनी मात्र मला बाजूला घेऊन, "आमच्या वयाच्यांसाठी असे काही कराल का?" असे विचारले. ते नोंद करून ठेवले आहे.

आता अवघड भागाकडे येतो. त्या संध्याकाळी आपल्या एका मुलीने कचेरीतील मैत्रिणीला बरोबर आणले होते. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. मी तिला बसू दिले. त्यावरून कार्यकारिणीत बराच वाद झाला, आणि तो अपुराच राहिला. मंडळ ज्ञातीचे, सभागृह ज्ञातीच्या देणग्यांचे, तेव्हा संध्याकाळही ज्ञातीपुरतीच असावी, हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझे स्वतःचे लग्न १९७९ साली याच मंडळाच्या वहीतून झाले. सौभाग्यवती आणि मी लग्नापूर्वी एकमेकांशी दोन वाक्ये बोललो. त्यांतले एक चहात साखर किती याविषयी होते. संसार चांगला झाला. परंतु तो चांगला झाला म्हणून ती रीत चांगली होती, असे मला आता म्हणवत नाही. आमचे दैव बरे होते.

ज्ञातीबाहेर विवाह केल्यास तो कायद्याने टिकेल की नाही, ही शंका १९४९ सालच्या कायद्याने आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कायमची मिटविली. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परांची निवड केली की कुटुंबाच्या किंवा समाजाच्या संमतीची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९३६ सालीच आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय म्हणून सांगितला होता. तरीही २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत असे विवाह सुमारे पाच टक्केच आढळले. म्हणजे दार उघडे झाले, तरी माणसे एकमेकांना भेटतच नाहीत. भेटतील कशी? आपण प्रत्येकाने आपापले सभागृह आतून लावून घेतले आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. वर्षातून चार संध्याकाळी भरवाव्यात. आणि प्रत्येक सभासदाला आपल्याबरोबर एक स्नेही आणण्याची मुभा असावी, मग तो स्नेही कोणत्याही ज्ञातीचा असो. अर्जावर त्याची ज्ञाती विचारू नये. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठी वही आहेच, मेळावाही आहे. मी दोन्ही कामे पूर्वीप्रमाणेच करीन. वहीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे सुचविताना जीभ थोडी अडखळते, हेही लपवीत नाही.

एक सांगावयाचे राहिले. कोजागरीनंतरच्या त्या संध्याकाळचे निमंत्रण मी मोजक्या लोकांना स्वतः पत्र लिहून दिले होते. त्यांत २०१४ सालच्या त्या भगिनी होत्या. मी क्षमा मागितली होती आणि यावे असे लिहिले होते. दोन ओळींचे उत्तर आले: येईन, अर्ज भरणार नाही. त्या आल्या. 'आजोळ' हा शब्द त्यांचाच. चिठ्ठीवर त्यांनी कोणाचेही नाव लिहिले नाही, हे मला ठाऊक आहे, कारण पेटी मीच उघडली. निघताना दारात थांबून त्यांनी एवढेच विचारले की, पुढची संध्याकाळ केव्हा आहे. वार्षिक सभेत ठराव झाल्यावर कळवीन, असे मी त्यांना सांगितले आहे. ती सभा आज दुपारी तीन वाजता, जेवणानंतर, याच सभागृहात आहे. ठराव चौथा आहे. सभासदांनी कृपया शेवटपर्यंत थांबावे.